बोटभर, वीतभर, हातभर

सकाळी फाटकावर आधी चपला काढायच्या. मग मोबाईल लाकडी पेटीत टाकायचा. मग लिंबाखाली बाजेवर बसलेल्या चाचांसमोर जायचं आणि दोन्ही हात पुढं धरून उभं राहायचं. चाचा तोंडाकडं बघायचेच नाहीत. हातांकडं बघत विचारायचे, "गुस्सा किती?"

पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मी बारावी पास, लग्न होऊन तेरखेड्यात आलेली, वर्षभर सासूचं ऐकून ऐकून वैतागलेली. फटाक्याच्या कारखान्यात कागदाच्या नळ्या वळायला बाया पाहिजेत, असं कळलं म्हणून आले होते. म्हटलं आधार कार्ड मागतील, फार तर नवऱ्याचं नाव विचारतील. हा माणूस गुस्सा विचारतोय. मी म्हटलं, "कुणाचा?"

"तुझाच की. दुसऱ्याचा मला काय करायचाय? बोटभर हाय, वीतभर हाय का हातभर?"

माझ्या मागं शेवंताआक्का उभी होती. कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई, हाताला चलाख आणि तोंडाला त्याहून चलाख. तिनं मागनं कोपरानं ढोसलं. "बोटभर म्हण अन् हो म्होरं. ऊन चढायलंय."

"बोटभर," मी म्हटलं.

चाचांनी तांब्यानं पाणी दिलं, गुळाचा खडा हातावर ठेवला आणि आत जा म्हणाले. आठ वर्षं मी त्या कारखान्यात काम केलं आणि आठ वर्षं रोज सकाळी हेच झालं.

कारखाना म्हणजे काय, तर माळावर पत्र्याच्या पाच-सहा खोल्या, एकीपासून दुसरी लांब. एकीत कागद, एकीत नळ्या, एकीत वाती लावायच्या. सगळ्यात टोकाला मसाल्याची खोली. मसाला म्हणजे फटाक्यात भरायची दारू. ती चाचा एकटेच कालवायचे. त्या खोलीत दुसऱ्या कुणी पाय ठेवायचा नाही, मालकानंसुद्धा नाही. आम्ही बाया कालवलेला मसाला नळ्यांत भरायचो, ठासायचो, तोंड बंद करायचो. हात हलका लागतो त्याला. थोडा जोर जास्त झाला, घासलं गेलं, की संपलं.

म्हणून चाचांचा तो हिशेब. बोटभर गुस्सा असला तर कुठंही काम कर. वीतभर असला तर दारूला हात लावायचा नाही, दिवसभर लिंबाखाली बसून पुठ्ठ्याच्या पेट्या चिकटवायच्या. हातभर असला तर फाटकाच्या आत यायचंच नाही. पण घरीही जायचं नाही, कारण तो आलेला असतो घरनंच. ओढ्याकाठच्या विहिरीपर्यंत चालत जायचं, तिथं बसायचं, परत यायचं आणि पुन्हा हात दाखवायचे. कुणाचा रोज त्यापायी कापायचा नाही, हे त्यांनी मालकाकडून कबूल करून घेतलं होतं. मालकाचे वडील होते तेव्हापासून चाचा तिथं होते, त्यामुळं मालकाला नाही म्हणता आलं नसावं.

आणि गुस्सा हा त्यांचा एकच शब्द होता. दुःख असलं तरी गुस्सा, धास्ती असली तरी गुस्सा, लई आनंद झाला तरी गुस्साच. एका बाईचा मुलगा पोलीस भरतीत लागला. ती पेढे घेऊन आली तर चाचांनी पेढा खाल्ला, हात बघितले आणि म्हणाले, "वीतभर. लिंबाखाली बस." दोन दिवस ती बिचारी आनंदापायी पेट्या चिकटवत बसली. पंचमीच्या सणाला माहेरी जाऊन बाया परत आल्या की मग बघायलाच नको. एका वर्षी अकरांपैकी नऊ लिंबाखाली. मालक कपाळाला हात लावून म्हणाला, "चाचा, मी फटाके करतो का खोकी?"

चाचा म्हणाले, "आज खोकीच करा."

बाया खोटं बोलायच्या, बोलणारच. पेट्या चिकटवण्यात कमीपणा वाटायचा, सगळ्या गावाला कळायचं की आज अमकीच्या घरी वाजलं. पण चाचांपुढं खोटं चालायचं नाही. कुणी अंगठा मुठीत दाबून धरलेला असायचा, कुणी नखानं नख खरवडायची. एकीच्या बोटांना ज्वारीचं पीठ वाळून बसलं होतं. चाचा म्हणाले, "भाकर अर्धी टाकून निघालीस व्हय?" ती ढसाढसा रडली. उलटंही व्हायचं. शेवंताआक्का एकदा कंबर दुखत होती म्हणून भांडणाची खोटी कहाणी रचून आली, बसून काम मिळावं म्हणून. चाचांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुस्सा बोटभर बी न्हाय. कंबर दुखती तर कंबर दुखती म्हण की." आणि बसायचं काम दिलं.

त्यांची अजून एक खोड होती. तुम्ही म्हणालात, सासू टोचून बोलली, की ते म्हणायचे, "शब्द सांग." टोचून बोलली, घालूनपाडून बोलली, हे त्यांना चालायचं नाही. काय शब्द वापरले, ते जसेच्या तसे सांगायचे. सांगायला लागलं की आपल्यालाच कळायचं, त्यातलं निम्मं तिनं म्हटलेलंच नाही, आपणच मनात जोडलंय. माझं कितीदा असं झालं. सासू म्हणाली होती, "मीठ जरा जास्त पडलंय." घरापासून फाटकापर्यंत येता येता मी त्याचं करून ठेवलं होतं, तुला माहेरात काही शिकवलंच नाही. चाचांपुढं शब्द सांगताना मीठच तेवढं उरलं. पण कधी कधी शब्द खरंच वाईट असायचे. तेव्हा चाचा काही समजूत घालायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, "लई लागलं असंल." एवढंच. आणि अजून एक गुळाचा खडा.

आत खोलीत कुणी कुणाला हाक मारायची नाही, हाही त्यांचा कायदा. काम असलं तर उठायचं, त्या बाईला दिसेल असं समोर जाऊन उभं राहायचं, तिनं हातातलं खाली ठेवलं की मग बोलायचं, तेही हळू. दचकून हात हलला तर काय होईल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षभरात आमच्या अंगातच मुरलं ते. मी घरीही तशीच वागायला लागले. सासूसमोर जाऊन उभी राहायचे, तिचं निवडणं थांबलं की मग बोलायचे. सासूनं पंधरा दिवस बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, "आमची सून लई हळू बोलायलीय. काहीतरी लपवती म्हंजी लपवती." नवऱ्यानंही एकदा खोदून विचारलं. मी म्हटलं, फटाक्यात काम करते, दुसरं काही नाही.

रागवायचे चाचा, नाही असं नाही. पण चारचौघींत कधी नाही. ज्या बाईची चूक तिला फाटकाबाहेर न्यायचे, रस्त्याकडं तोंड करून उभी करायचे, म्हणजे आम्हाला तिचं तोंड दिसू नये. मग स्वतःही रस्त्याकडंच बघत बोलायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, दोघं एसटीची वाट बघतायत.

बाहेरच्या जगात मात्र हा माणूस चालत नव्हता. चारचौघांत कसं बोलावं, याचा पत्ता नाही. लग्नात नवरदेवाला भेटायला गेले तर त्याचे हात धरून म्हणाले, "वीतभर हाय, जरा पानी पी." नवरदेवाचे मामा चिडले. कुणी रस्त्यात, काय चाचा, बरंय ना, असं म्हटलं तर ते थांबायचे आणि खरंच विचार करून उत्तर द्यायचे. गुडघा असा दुखतोय, रात्री अमकी काळजी लागली होती, आता नाही. विचारणारा पुढं गेलेला असायचा. त्यामुळं गावात त्यांना येडे चाचा म्हणायचे. आमचा मालकही मागं तसंच म्हणायचा. पण इतक्या वर्षांत आमच्याकडं कुणाच्या बोटाला चटका बसला नव्हता, हेही तोच सांगायचा.

माझं सांगते. तिसऱ्या वर्षी जळकोटहून भावाचा फोन आला, आप्पांचं काही खरं नाही, येऊन जा. आप्पा म्हणजे माझे वडील. जळकोट आमच्यापासून लांब, धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग करत जावं लागतं. सासू म्हणाली, सणासुदीचं घर सोडून जायचं नाही, बरं वाटलं की मग जा. नवरा आईपुढं गप्प. मी सकाळी फाटकावर आले आणि चाचांनी विचारलं तर म्हटलं, "बोटभर."

चाचांनी माझे हात स्वतःच्या हातांत घेतले. त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती, ते मला पहिल्यांदा नीट जाणवलं. म्हणाले, "खोटं बोललीस त्याचं काय न्हाय, पोरी. पर आत तुझ्यासंगं चार बाया बसत्यात. त्येंच्या लेकरांना काय सांगू?"

मी लिंबाखाली बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला.

संध्याकाळी ते आमच्या घरी आले. मला वाटलं, आता सासूला चार शब्द सुनावतील आणि माझं घरात राहणं अवघड करून ठेवतील. ते ओट्यावर बसले, चहा घेतला आणि सासूला विचारलं, "आक्का, तुमचं माहेर कुठलं?" बस्स. सासूनं सांगितलं. मग विचारलं, "वडील कसे हुते?" सासू बोलायला लागली. मी आतून ऐकत होते. एवढी वर्षं मला माहीत नव्हतं की माझ्या सासूचे वडील वारले तेव्हा तिला कुणी कळवलंच नव्हतं, दहाव्याला कळवलं. चाचा मधी एक शब्द बोलले नाहीत. जाताना म्हणाले, "लई लागलं असंल तुमाला." माझं नाव काढलं नाही, जळकोटचं नाव काढलं नाही.

सकाळी सासू चुलीपुढं बसून म्हणाली, "जळकोटला कवाच्या गाडीनं जाती?"

आप्पा मला दोन दिवस भेटले. शुद्धीत होते, बोलले, माझ्या हातनं पेज प्यायले. ते दोन दिवस मला चाचांनी दिले, असंच मी आजवर मानते. त्याची फेड मी कशी केली, तेच तर सांगायचंय.

त्याआधी एक. मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाला तालुक्याला ट्रेनिंग होतं. भावना ओळखा, संवाद सुधारा, घरी आणि कामावर. मॅडम पुण्याच्या होत्या, गोड बोलायच्या, नाव ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर हसरी-रडकी तोंडं चिकटवली होती आणि म्हणाल्या, आज तुम्हाला कसं वाटतंय त्या तोंडाखाली उभं राहा. सगळ्या बाया हसऱ्या तोंडाखाली जाऊन उभ्या राहिल्या, जागा पुरेना. मॅडम खूश झाल्या. मी मनात म्हटलं, बाई, हात बघा यांचे. पण बोलले नाही. मॅडमनी शेवटी विचारलं, हे तुम्हाला याआधी कुणी शिकवलंय का. मी तेव्हाही बोलले नाही.

चाचांना कुणी शिकवलं होतं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. पावसानं काम बंद होतं, आम्ही पाच-सहाजणी कागदाच्या खोलीत बसलो होतो. शेवंताआक्कानं चेष्टेत विचारलं, "चाचा, रोज आमचं मोजता. तुमचा गुस्सा किती?" चाचा हसले आणि डावा हात वर केला. म्हणाले, "माझा गुस्सा ही दोन बोटं घिऊन गेला." आम्हीही हसलो. मग ते हसायचे थांबले. विशीत असताना थोरल्या भावाशी त्यांचं सकाळी वाजलं होतं. कशावरनं, तर सायकलवरनं. तसेच दोघं तणतणत कामाला बसले, शेजारी शेजारी. चाचांनी रागाच्या भरात दारू ठासायची मुसळी आपटली. त्यांची दोन बोटं गेली आणि भावाचे दोन्ही डोळे. पुढं बावीस वर्षं भाऊ जगला आणि चाचा त्याला हाताला धरून फिरवायचे. "भाई मला कधी बोलला न्हाय त्येच्यावरनं," चाचा म्हणाले. "एकदा तरी बोलायचा हुता." त्यानंतर कुणी चाचांना चेष्टेतसुद्धा तो प्रश्न विचारला नाही.

दिवाळीच्या आधीचा महिना म्हणजे कारखान्यात मान वर करायला सवड नसते. अशात एका सोमवारी चाचा आले नाहीत. मी आल्यापासूनची त्यांची पहिली सुट्टी. मालक म्हणाला, चाचीचं पोट दुखतंय बऱ्याच दिवसांपासून, धाराशिवला मोठ्या डॉक्टरला दाखवायला नेलंय. चाची म्हणजे चाचांची बायको. लेकरूबाळ नव्हतं, दोघंच. चाची कधी कारखान्याकडं फिरकायच्या नाहीत, पण चाचांच्या डब्यात आमच्यासाठी दोन घास जास्त असायचे, त्यामुळं सगळ्यांना ठाऊक होत्या.

मंगळवारी चाचा बाजेवर बसलेले होते. रांग लागली. शेवंताआक्का माझ्या पुढं होती, तिनं विचारलं, "चाची बऱ्या हायत का?"

"बऱ्या हायत," चाचा म्हणाले.

आक्का पाणी पिऊन पुढं गेली. मी समोर आले, हात धरले.

"गुस्सा किती?"

"काहीच न्हाय, चाचा. आज रिकामी हाय."

"बरं," ते म्हणाले आणि माठात तांब्या घातला. तांब्या माठाच्या काठाला लागून खडखड वाजत होता. पाणी माझ्या हातावर कमी, जमिनीवर जास्त पडलं. मग त्यांनी वर न बघता पुन्हा विचारलं, "गुस्सा किती?"

मी म्हटलं, "सांगितलं की. काहीच न्हाय."

"बरं, बरं." आणि ते माझ्या हातांकडं नव्हते बघत. रस्त्याकडं बघत होते.

मला दिसलं. हे मी एका माणसाशिवाय कुणालाच कबूल केलं नव्हतं बरीच वर्षं, पण मला लख्ख दिसलं. ज्यांनी आठ वर्षं मला माणसाचे हात वाचायला शिकवलं, त्यांचेच हात माझ्यासमोर थरथरत होते. माझ्या जागी ते असते तर म्हणाले असते, बऱ्या हायत म्हणजे काय, डॉक्टर काय म्हणाला, शब्द सांग. जिभेवर आलं होतं. पण मागं सहा बाया उभ्या. फाटकात माल न्यायला टेम्पो लागलेला. मालक घड्याळाकडं बघतोय. आणि मी कोण? सुनेच्या वयाची बाई, ती सगळ्यांच्या देखत थोरल्या माणसाला विचारणार का, की तुम्हाला काय झालंय? मास्तरला कुणी फळ्यापाशी बोलावतं का? मी स्वतःला समजावलं, त्यांचं त्यांना कळत असेल की. त्यांना नाही कळणार तर कुणाला?

गुळाचा खडा तोंडात टाकला आणि आत गेले.

तासाभरानं आवाज झाला. पत्रा उडाला, धूर झाला. आम्ही बाहेर पळालो. टोकाची खोली जागेवर नव्हती. चाचांनीच ती खोली सगळ्यांपासून चाळीस पावलं लांब बांधायला लावली होती, म्हणून आम्ही बाकीच्या वाचलो, एकीला खरचटलंसुद्धा नाही. चाचांना गाडीत घातलं, पण वाटेत येरमाळ्याच्या पुढं काही उरलं नव्हतं.

लोकांनी पुष्कळ कारणं सांगितली. कुणी म्हणालं ऊन, कुणी म्हणालं मसाल्यात खडा आला असेल. चौकशी झाली, कागद झाले, मालकानं पुढं कारखाना बंद केला. मला दारूतलं शास्त्र कळत नाही. कदाचित हात थरथरला म्हणून झालंच नसेल, खडाच असेल. रात्री डोळा लागेना की मी स्वतःला खडाच होता असं सांगते. पण मग तांब्याचा आवाज ऐकू येतो. काय सांगू.

चाचांच्या चाळिसाव्या दिवसाला गर्दी होती म्हणून मी दुसऱ्या दिवशी चाचीकडं गेले. त्या बाजेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, वाळून काटकी झाल्या होत्या. मला बघून उठल्या, पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. "ह्येंच्या सदऱ्यांच्या खाली सापडली," मला बाजेवर शेजारी बसवत म्हणाल्या. "तू शिकलेली हायस. वाच."

दवाखान्याची फाईल होती. सगळं इंग्रजीत, मला त्यातले चार शब्द कळले आणि ते चार शब्द पुरेसे होते. सगळ्यात खाली एक कागद मराठीत. आजाराची पूर्ण कल्पना पतीस दिली आहे. रुग्णास सांगू नये अशी पतीची विनंती. त्याखाली चाचांची सही, वाकड्यातिकड्या अक्षरांत, शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलेलं.

साऱ्या जगाला बोलतं करणारा माणूस, आणि घरात हे करून ठेवलं होतं. मला त्यांचा राग आला. मेलेल्या माणसाचा आला, आणि मग त्याची लाज वाटली. आता ते सांगायचं माझ्या गळ्यात आलं होतं. मी बाजेवरून उठून खाली जमिनीवर बसले, त्यांच्या गुडघ्यापाशी. चाचा असेच बसले असते. कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, "चाची, तुम्हाला काय वाटतंय? काय असंल?"

चाची शांतपणे म्हणाल्या, "गाठ हाय. पोटातनं लांबपर्यंत गेलीय. कापून उपेग न्हाय. ह्येच लिवलंय ना?"

मी मान हलवली.

"मला त्याच दिवशी कळलं. दवाखान्यात ह्ये आत डॉक्टरपाशी हुते. म्या बाहेर बाकड्यावर. दोन नर्स बोलत हुत्या, त्येंना वाटलं ही दुसरीच बाई हाय." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मग एसटीत बसलो. ह्ये खिडकीपाशी. येडशीपत्तोर बाहेरच बघत बसले. सारखं बाहीनं डोळं पुसायलेत. म्या इचारलं काय झालं, तर म्हणले धूळ गेली. म्या म्हटलं, व्हय, धूळ लई हाय आज."

"मग तुम्ही बोलला का न्हाय, चाची?"

"कसं बोलू? सकाळी मसाल्यात हात घालायचा हुता त्येंना. म्या म्हटलं असतं मला ठावं हाय, तर ह्ये रात्रभर रडले असते. अन् तसा माणूस सकाळी त्या खोलीत धाडू? चाळीस वर्सं म्या ह्येंना घरातनं भांडून कधी धाडलं न्हाय. मला दुखलं तर दुखलं म्हणले न्हाय. माझे मायबाप मेले तवा बी ह्ये डबा घिऊन गेल्यावरच म्या रडले. म्हटलं दिवाळीचं काम एकदा हातावेगळं हुंद्या, मग बोलू."

मला पुढचं ऐकवेना. पण ऐकवेना म्हणून गप्प बसले असते तर या जन्मात परत बोलले नसते. मी म्हटलं, "चाची, त्या दिवशी सकाळी फाटकावर त्यांचे हात थरथरत हुते. मला दिसलं. मी इचारलं न्हाय."

चाचींनी कागद उचलून पिशवीत घातला. बाहेर कुणाच्या तरी दारात रेडिओ लागला होता. मला वाटलं, आता मला ऊठ म्हणतील, आणि त्यांनी म्हणावंच असं मला वाटत होतं.

"मला बी दिसलं हुतं," त्या म्हणाल्या. "डबा घेताना कापत हुता हात. म्या डबा नीट धरून दिला."

मग माझं मनगट धरलं, घट्ट. "म्या तुझं कुणाला सांगणार न्हाय. तू माझं सांगू नको. लोक म्हणतील, बाईला ठावं हुतं, ती दोन शब्द बोलली असती तर माणूस जगला असता."

मी म्हटलं, न्हाय सांगत. पुढच्या उन्हाळ्यात चाची गेल्या. त्या होत्या तोवर मी कुणाला सांगितलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.